अंतराळयुगातील तलवारी आणि धनुष्ये : ‘ट्रॅव्हलर’ खेळातील आदिम शस्त्रे

विशेष प्रतिनिधी

प्रकाशालाही मागे टाकणारी जहाजे, लेझरच्या रायफली, यंत्रशक्तीवर चालणारी चिलखते आणि त्याच वेळी कमरेला लटकणारी तलवार! विज्ञानकथेवर आधारलेल्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळाचे नियमपुस्तक प्रथमच चाळणाऱ्याला ही जोडी विसंगत वाटते. खंजीर, भाला, संगीन, सोटा यांची एवढी तपशीलवार यादी अंतराळप्रवासाच्या खेळात कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. ही शस्त्रे केवळ शोभेसाठी आलेली नाहीत. पात्र जगणार की मरणार, कोणत्या ग्रहावर उतरणार आणि कोणत्या दारातून आत जाणार, याचा निर्णय अनेकदा दहा क्रेडिटच्या एका खंजिरावर येऊन ठेपतो. या शस्त्रांचे स्वरूप, त्यांचे नियम आणि त्यांमागील विचार यांची ही ओळख.

खेळाची पार्श्वभूमी

रोल-प्लेइंग गेम म्हणजे पट आणि सोंगट्यांवाचून, मुख्यतः बोलण्यातून आणि फाशांच्या साह्याने खेळला जाणारा कथाखेळ. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. एक जण पंच असतो. तो जग उभे करतो, संकटे मांडतो आणि नियमांचा अर्थ लावतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अद्भुतरम्य खेळाने १९७४ मध्ये या प्रकाराचा पाया घातला. विज्ञानकथेत त्याचे पहिले महत्त्वाचे पाऊल म्हणजे जेम्स वॉर्ड यांचा १९७६चा ‘मेटामॉर्फोसिस अल्फा’. त्यात ‘वॉर्डन’ नावाच्या भरकटलेल्या प्रचंड अंतराळयानावर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या लोकांना आपण यानात आहोत, याचाच विसर पडलेला असतो. यानाच्या पोटात ते भाले आणि धनुष्ये घेऊन वावरतात. आदिम शस्त्र आणि प्रगत यंत्र यांचा मेळ या खेळप्रकारात अशा रीतीने अगदी आरंभापासून आहे.

‘ट्रॅव्हलर’ त्याच्या पाठोपाठ १९७७ मध्ये आला. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ या संस्थेने तो प्रसिद्ध केला. त्याचे मुख्य रचनाकार मार्क मिलर हे अमेरिकी सैन्यात अधिकारी म्हणून काम केलेले होते. काळ्या मुखपृष्ठाच्या तीन छोट्या पुस्तिका, सहा बाजूंचे दोन फासे आणि कागद-पेन्सिल एवढेच त्याचे साहित्य होते. संस्था १९९६ मध्ये बंद झाली. पुढे ब्रिटनमधील ‘मंगूज पब्लिशिंग’ने २००८ मध्ये नवी आवृत्ती आणि २०१६ मध्ये तिची दुसरी सुधारित आवृत्ती काढली.

या खेळावर ज्या साहित्याची छाप आहे, त्यातच तलवारीचे मूळ सापडते. ई. सी. टब यांच्या ड्युमरेस्ट कादंबऱ्यांचा नायक ग्रहामागून ग्रह पालथे घालतो आणि बऱ्याचदा सुऱ्याच्या बळावरच तगून राहतो. एच. बीम पायपर यांच्या ‘स्पेस व्हायकिंग’मध्ये ग्रहांना प्रसिद्ध तलवारींची नावे दिलेली आहेत. ‘ट्रॅव्हलर’च्या विश्वातील ‘सोर्ड वर्ल्ड्स’ हा ग्रहसमूह म्हणजे त्याच कल्पनेला दिलेली उघड दाद. ग्राम, ड्युरेंडाल ही नावे तेथेही भेटतात.

‘आदिम’ म्हणजे नेमके काय?

‘ट्रॅव्हलर’मध्ये प्रत्येक जगाला तंत्रज्ञानाची एक पातळी असते. शून्य म्हणजे अश्मयुग. एक म्हणजे कांस्ययुगापासून मध्ययुगापर्यंतचा काळ. १९७०च्या दशकातील पृथ्वी सातव्या पातळीच्या आसपास येते, तर ताऱ्यांदरम्यानच्या साम्राज्याची सर्वोच्च पातळी पंधराच्या घरात जाते. साधारणपणे शून्य ते तीन या पातळ्यांवर तयार होऊ शकणारी, स्फोटक दारूचा अगर विजेचा आधार न घेणारी शस्त्रे ‘आदिम’ किंवा ‘पुरातन’ या वर्गात मोडतात.

आपल्याकडे हातात धरून चालवायचे ते शस्त्र आणि फेकून मारायचे ते अस्त्र, असा जुना भेद आहे. खेळाच्या नियमांतही जवळपास हीच विभागणी आहे. हातघाईची शस्त्रे वेगळी आणि पल्ल्याची शस्त्रे वेगळी. पहिल्या गटाला बळ लागते, दुसऱ्याला चपळाई.

हातघाईची शस्त्रे

१९७७च्या पहिल्या पुस्तिकेत पात्यांच्या व दांड्याच्या शस्त्रांची यादी अशी आहे :

खंजीर – लहान, कपड्यांत सहज लपणारा. बहुतेक प्रवासी जवळ बाळगतात.

ब्लेड – खंजिराहून लांब, मुठीला आडवे संरक्षण असलेला सुरा. जंगलात, रानावनात कामाला येतो.

फॉइल – सरळ आणि सडपातळ पात्याची, खुपसण्यासाठी वापरायची तलवार. द्वंद्वयुद्धाची आणि उमराव घराण्यांची आवड.

तलवार – सर्वसाधारण लांबीची, कापण्यास व खुपसण्यास सारखीच उपयोगी.

कटलास – आखूड, रुंद, जड पात्याची तलवार. जहाजावरील अरुंद जागेसाठी.

ब्रॉडसोर्ड – दोन्ही हातांनी पेलावी लागणारी अजस्र तलवार. भरपूर बळ असल्याशिवाय हिच्या वाटेला जाऊ नये.

संगीन – रायफलीच्या टोकाला बसवली की लांब, काढली की खंजीर.

भाला, पाइक आणि हॅलबर्ड – दांड्याची शस्त्रे. पाइक म्हणजे फारच लांब भाला. हॅलबर्ड म्हणजे दांड्यावर कुऱ्हाड आणि टोक दोन्ही.

सोटा – लाकडाचा साधा दंडुका. कोणत्याही ग्रहावर, कोणत्याही पातळीवर मिळणारा.

या यादीतील कटलासला खेळात मानाचे स्थान आहे. पात्र तयार करताना ते सैन्यात, नौदलात, व्यापारी जहाजावर अशी चार-चार वर्षांची सेवा करून आलेले असते. मरीन दलात भरती झालेल्या प्रत्येक पात्राला कटलास चालवण्याचे कौशल्य आपोआप मिळते, जसे भूदलातील पात्राला रायफलीचे. शत्रूच्या जहाजावर चढाई करणे हे मरीनचे काम, आणि चढाईचे पिढीजात हत्यार कटलास. ब्रिटिश नौदलाने १९३६ मध्ये ती प्रत्यक्ष वापरातून काढून समारंभापुरती ठेवली. ‘ट्रॅव्हलर’च्या दूरच्या भविष्यात ती पुन्हा मरीनच्या कमरेला आली आहे. काही सेवांतून निवृत्त होणाऱ्या पात्राला निरोपाची भेट म्हणूनही एखादे पाते मिळू शकते.

परग्रहवासीयांची नैसर्गिक शस्त्रेही याच नियमांत बसतात. सिंहासारख्या दिसणाऱ्या ‘अस्लान’ जमातीला अंगठ्याखाली आत-बाहेर होणारे एक नखर असते आणि मानापमानाची द्वंद्वे ते त्यानेच खेळतात. हाती अत्याधुनिक बंदूक असूनही द्वंद्वाला बोलावलेल्या अस्लानने ती बाजूला ठेवणे हा त्या समाजाचा रिवाज आहे.

फेकीची आणि पल्ल्याची शस्त्रे

मूळ पुस्तिकेच्या शस्त्रयादीत धनुष्याला जागा नव्हती. पल्ल्याची शस्त्रे म्हणजे पिस्तुलापासून लेझर रायफलीपर्यंतच्या बंदुका, असाच तिचा आवाका होता. मात्र खेळाडूंची जहाजे मागास ग्रहांवर उतरू लागली की धनुष्य, क्रॉसबो, फुंकनळी, गोफण यांची गरज लगेच भासते. नंतरच्या आवृत्त्यांनी ही उणीव भरून काढली. २०१६च्या आवृत्तीत बंदूकबाजीच्या कौशल्याचे तीन पोटविभाग आहेत : पुरातन, ऊर्जाशस्त्रे आणि गोळीची शस्त्रे. धनुष्य व फुंकनळी ‘पुरातन’ विभागात येतात. फेकायच्या शस्त्रांसाठी मात्र व्यायामकौशल्यातील चपळाईचा विभाग वापरला जातो.

धनुष्य आणि रायफल यांच्यातील तफावत ऊर्जेच्या भाषेत सांगायची तर, शिकारी धनुष्यातून सुटलेल्या बाणाची गतिज ऊर्जा शंभर जूलच्या आगेमागे असते. सैन्यात प्रचलित असलेल्या ५.५६ मिलिमीटर रायफलीच्या गोळीची सुमारे १,७०० जूल. असे असूनही पंचाच्या टेबलावर धनुष्याला किंमत राहते, कारण त्याचा आवाज होत नाही, उजेड पडत नाही, त्याला बाहेरून काडतुसे आणावी लागत नाहीत, आणि धातुशोधक यंत्राला लाकडी धनुष्य सापडत नाही.

ग्रहागणिक बदलणारे गुरुत्वाकर्षण हा आणखी एक मुद्दा. सेकंदाला ६० मीटर वेगाने, ४५ अंशांच्या कोनात सोडलेला बाण, हवेचा अडथळा वगळल्यास, पृथ्वीवर सुमारे ३७० मीटर जातो. चंद्रासारख्या एक-षष्ठांश गुरुत्वाच्या जगात तोच बाण २,२०० मीटरपर्यंत पोहोचेल. पृथ्वीच्या दुप्पट गुरुत्व असलेल्या ग्रहावर पल्ला निम्म्यावर येईल. वजनविरहित अवस्थेत तर तो खाली झुकणारच नाही. जाणकार पंच नियमपुस्तकातील पल्ल्याचे आकडे अशा वेळी जसेच्या तसे वापरत नाहीत.

लढाईचे गणित

‘ट्रॅव्हलर’चा मूळ नियम सोपा आहे. दोन फासे टाकायचे, कौशल्य आणि परिस्थितीनुसार वाढ-घट करायची. बेरीज आठ किंवा अधिक आली की वार बसला. काहीही वाढ-घट नसेल तर आठ किंवा अधिक येण्याची शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे सुमारे ४२ टक्के. कौशल्याची एकच पायरी वर चढली की ती ५८ टक्क्यांवर जाते आणि दुसऱ्या पायरीला ७२ टक्के होते. शस्त्र भारी असण्यापेक्षा हात सरावाचा असणे महत्त्वाचे, हा या आकड्यांचा अर्थ.

पात्राला बळ, चपळाई, दमसास, बुद्धी, शिक्षण आणि सामाजिक प्रतिष्ठा असे सहा गुण असतात. प्रत्येक गुण दोन फासे टाकून ठरतो. सरासरी येते सात. जखमा यांतील पहिल्या तीन शारीरिक गुणांतून वजा होतात. एक गुण शून्यावर आला की शुद्ध हरपते, तिन्ही शून्यावर आले की मृत्यू. १९७७च्या नियमांत पहिली जखम चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरलेल्या एकाच गुणावर पूर्णपणे पडते. खंजिराची जखम दोन फाशांची, म्हणजे सरासरी सात. याचा अर्थ असा की पहिलाच घाव नीट बसला, तर साध्या खंजिरानेही सर्वसामान्य प्रकृतीचा माणूस जागीच कोसळू शकतो. रायफलीची जखम तीन फाशांची आणि ब्रॉडसोर्डची चार. येथे कोणतेच शस्त्र किरकोळ नाही, आणि नवखे खेळाडू ही गोष्ट बहुधा एखादे पात्र गमावून शिकतात.

हातघाईच्या शस्त्रांना दोन मोठ्या मर्यादा आहेत. पहिली दमाची. बंदुकीचा घोडा कितीही वेळा ओढता येतो, पण तलवार फिरवणारा थकतो. म्हणून मूळ नियमांत दमसासाच्या आकड्याइतकेच वार पूर्ण ताकदीने करता येतात. त्यानंतरचे वार दुबळे पडतात. शिवाय प्रत्येक पात्याला ठरावीक बळ लागते. ते नसेल तर नेम चुकतो, भरपूर असेल तर फायदा मिळतो. या तोट्याची थोडीफार भरपाई बचावात होते. पाते हाती असलेल्याला आपले कौशल्य शत्रूचा वार अडवण्यासाठी वापरता येते. गोळी मात्र तलवारीने अडवता येत नाही.

दुसरी मर्यादा अंतराची. २०१६च्या आवृत्तीत एक फेरी सहा सेकंदांची असते आणि सर्व हालचाली केवळ धावण्यात खर्च केल्या तरी पात्र एका फेरीत १८ मीटर जाते. रायफलधारी ३६ मीटरवर उभा असेल तर तलवारबाजाला त्याच्यापर्यंत पोहोचायला दोन फेऱ्या लागतात आणि त्या दोन्ही फेऱ्यांत समोरून नेम धरून गोळ्या येत असतात. उघड्या मैदानात तलवार उपसून धावणे म्हणजे मरणाला आमंत्रण. हेच दृश्य जहाजाच्या वळणावळणाच्या बोळात, दोन मीटरच्या अंतरावर घडले तर पारडे फिरते.

चिलखताचा प्रश्न

आदिम शस्त्रांचे भवितव्य खऱ्या अर्थाने ठरते ते चिलखतापाशी. १९७७च्या नियमांत प्रत्येक शस्त्राचा प्रत्येक चिलखतावर होणारा परिणाम एका तक्त्यात वेगवेगळा दिलेला होता. त्यातून मजेदार पेच उभे राहत. ‘रिफ्लेक’ हे चकचकीत आवरणाचे चिलखत लेझरचा किरण परतवते. पण अन्य शस्त्रांपुढे त्याचा काडीचाही उपयोग नाही. हजारो क्रेडिटच्या लेझर रायफलीला दाद न देणारा सैनिक दहा क्रेडिटच्या खंजिराने लोळू शकतो.

नव्या आवृत्तीत हिशेब सोपा झाला. चिलखताला एक आकडा असतो, तो जखमेतून वजा करायचा. दहाव्या पातळीचे कापडी चिलखत आठ गुण अडवते. खंजिराची जखम एक फासा अधिक दोन, म्हणजे जास्तीत जास्त आठ. नेमकेपणा किंवा बळ यांची भर पडली नाही तर ती कापडावरच जिरते. रायफलीचे तीन फासे सरासरी साडेदहा देतात. त्यातले अडीच आत जातात. ब्रॉडसोर्डचे चार फासे सरासरी चौदा. सहा आत जातात. कागदावर तरी महाखड्ग रायफलीला भारी पडते. अर्थात तेथवर पोहोचायला हवे, हे वर आलेच आहे.

कापडी चिलखत आणि पाते यांच्या झुंजीला वास्तवाचाही आधार आहे. ‘ड्युपाँ’ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेल्या केव्हलार धाग्याचे जाकीट गोळीची ऊर्जा अनेक धाग्यांवर पसरवून ती थोपवते. टोकदार सुरी मात्र धागे बाजूला सारत किंवा कापत आत शिरू शकते. म्हणूनच गोळीरोधक जाकीट आपोआप सुरीरोधक ठरत नाही आणि अमेरिकेत २००० मध्ये भोसकण्यापासून संरक्षण देणाऱ्या चिलखतांसाठी स्वतंत्र मानक जाहीर करण्यात आले.

कायद्याचा काटा

‘ट्रॅव्हलर’मधील आदिम शस्त्रांना सर्वाधिक महत्त्व मिळवून दिले ते लढाईच्या नव्हे, तर कायद्याच्या नियमांनी. प्रत्येक जगाला तंत्रज्ञानाप्रमाणेच कायद्याचीही एक पातळी असते. पातळी जसजशी वाढते तसतशी बंदी खाली उतरते. पहिल्या पातळीवर स्फोटके आणि विषारी वायू यांवर बंदी असते. दुसऱ्यावर लेझर जातात. तिसऱ्यावर निव्वळ लष्करी शस्त्रे, चौथ्यावर सबमशीनगन, पाचव्यावर लपवता येणारी पिस्तुले. सहाव्यावर शॉटगन वगळता बहुतेक बंदुका आणि सातव्यावर शॉटगनही. आठव्या पातळीवर खंजीर सोडून सर्व लांब पाती नियंत्रणाखाली येतात. नवव्यावर घराबाहेर कोणतेच शस्त्र बाळगता येत नाही.

या उतरंडीत एक गोष्ट स्पष्ट दिसते. सातव्या पातळीच्या जगात, जेथे एकही बंदूक कायदेशीर नाही, तेथे तलवार राजरोस चालते. आठव्यात निदान खंजीर उरतो. खेळाडूंची पात्रे बहुधा फिरते व्यापारी, निवृत्त सैनिक किंवा कर्जात बुडालेले जहाजमालक असतात. बंदरावर उतरताना शस्त्रपेटी जहाजात ठेवायची की तस्करी करून बाहेर न्यायची, हा त्यांचा रोजचा पेच असतो. पोलिसांची नजर टाळण्यासाठी दोन फाशांवर कायद्याच्या पातळीइतका किंवा अधिक आकडा आणावा लागतो. नवव्या पातळीवर ही संधी दहापैकी जेमतेम तीन वेळा मिळते. अशा वेळी ज्याने केवळ लेझर चालवण्याचे शिक्षण घेतले तो निहत्था ठरतो आणि सोटा फिरवता येणारा कामाला येतो.

वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. भारतातील शस्त्र कायदा, १९५९ खालील नियमावलीतही तलवारी, खंजीर, भाले तसेच ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे यांचा स्वतंत्र वर्ग असून घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक कामाची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत.

खऱ्या अवकाशात काय घडले?

अंतराळात पात्याचे काय काम, या प्रश्नाचे उत्तर अवकाशयुगाच्या इतिहासातच आहे. मार्च १९६५ मध्ये ‘व्होस्खोद-२’मधून परतताना अलेक्सी लिओनोव्ह आणि पावेल बेल्यायेव्ह हे सोव्हिएत अंतराळवीर नियोजित जागेपासून दूर, उरल भागातील बर्फाळ अरण्यात उतरले आणि त्यांना दोन रात्री तेथेच काढाव्या लागल्या. असल्या प्रसंगांसाठी पुढे १९८६ पासून सोव्हिएत अंतराळवीरांना ‘टीपी-८२’ हे तीन नळ्यांचे पिस्तूल देण्यात आले. त्याचा सुटा होणारा दस्ता म्हणजे एक कोयताच होता. अमेरिकी अंतराळवीरांच्या बचावसाहित्यातही रुंद पात्याचा सुरा असे. चंद्रावर जाणाऱ्या यानातला हा कोयता पृथ्वीवरच्या रानासाठी होता. ‘ट्रॅव्हलर’मधील प्रवाशाच्या पेटीत ब्लेड का असते, याचे याहून चांगले स्पष्टीकरण नाही.

बंदुकांविषयीचे दोन गैरसमजही दूर करायला हवेत. निर्वात पोकळीत बंदूक चालत नाही, हा पहिला. काडतुसातील दारूतच ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ती चालते. जहाजाला एक भोक पडले की सर्व जण क्षणात बाहेर फेकले जातात, हा दुसरा. ऑगस्ट २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला जोडलेल्या ‘सोयूझ’ यानात सुमारे दोन मिलिमीटरचे छिद्र आढळले. हवा हळूहळू गळत होती आणि अंतराळवीरांनी ते बुजवले. त्यामुळे ‘भिंत फुटेल म्हणून तलवारच वापरायची’ हे कारण वाटते तितके भक्कम नाही. नळ्या, तारा आणि नियंत्रणयंत्रे यांच्या गर्दीत गोळ्या झाडणे मात्र खरोखर धोक्याचे.

वजनविरहित अवस्था तलवारबाजालाही सोडत नाही. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार, पाय रोवलेले नसतील तर तलवार एका दिशेला फिरली की शरीर उलट दिशेला फिरते. खुपसताना माणूस स्वतःच मागे ढकलला जातो. तेव्हा कठडा किंवा शत्रूचा दंड एका हाताने पकडून आखूड पात्याने वार करणे एवढाच मार्ग उरतो. खंजीर येथे ब्रॉडसोर्डला सहज मात देतो.

अन्य खेळांतील उत्तरे

हाच प्रश्न इतर खेळांनी वेगळ्या रीतीने सोडवला आहे. १९७८च्या ‘गॅमा वर्ल्ड’मध्ये महाविनाशानंतरच्या पृथ्वीवर प्रगत शस्त्र सापडले, तरी ते कसे चालते हे तक्त्याच्या वाटेने फासे टाकत शोधावे लागते, तोवर भरवसा भाल्याचाच. १९८७च्या ‘स्टार वॉर्स’ खेळात हातघाईच्या शस्त्राची जखम वापरणाऱ्याच्या बळात भर घालून मोजतात, म्हणून बलदंड पात्राच्या हातातील साधे शस्त्रही भारी ठरते.

२००८च्या ‘डार्क हेरेसी’ने तर ‘आदिम’ हा शब्द थेट नियमात आणला. आदिम शस्त्राचा घाव आधुनिक चिलखतावर पडला की चिलखताचे गुण दुप्पट धरायचे. मात्र त्याच पात्याला अतिसूक्ष्म धार लावून घेतली की ‘आदिम’ हा शिक्का पुसला जातो. आकार जुना, धार नवी. ‘ड्यून’ या १९६५च्या कादंबरीवर २०२१ मध्ये आलेल्या खेळात कारण आणखी वेगळे आहे. तेथील ऊर्जाकवच वेगवान गोळी अडवते, परंतु संथ गतीने सरकणारे पाते आत येऊ देते. त्यामुळे तेथे सुरा हेच सर्वांत प्रगत युद्धकलेचे साधन ठरते.

शिडीवरचा आक्षेप

तंत्रज्ञानाच्या पातळ्यांवर एक गंभीर आक्षेपही घेता येतो. शून्य ते पंधरा अशी शिडी मांडली की खालच्या पायरीवरचा समाज बुद्धीनेही खालचा, असा समज नकळत रुजतो. भाले घेतलेली माणसे म्हणजे पार्श्वभूमीवरची गर्दी, आणि बंदूकधारी पाहुणे म्हणजे कथेचे नायक, अशी विभागणी मग आपोआप होते. वसाहतींच्या इतिहासात हीच नजर होती आणि तिची किंमत कधी कधी ती बाळगणाऱ्यांनाही मोजावी लागली. २२ जानेवारी १८७९ रोजी दक्षिण आफ्रिकेत इसांडल्वाना येथे प्रामुख्याने भाले आणि ढाली घेऊन आलेल्या सुमारे वीस हजारांच्या झुलू सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफली असलेल्या ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडवला. ब्रिटिशांच्या बाजूचे १,३००हून अधिक लोक मारले गेले. विजय भाल्याच्या टोकाचा नव्हता. तो झुलूंच्या शिस्तीचा, भूभागाच्या माहितीचा, संख्याबळाचा आणि शत्रूच्या गाफीलपणाचा होता. त्याच दिवशी जवळच्या रोर्क्स ड्रिफ्ट येथे, आडोसा उभारून बसलेल्या मूठभर ब्रिटिश सैनिकांनी मोठ्या झुलू तुकडीला थोपवले, हेही तितकेच खरे.

चांगला पंच या दोन्ही घटना ध्यानात ठेवतो. पहिल्या पातळीच्या ग्रहावरील लोकांना आपले डोंगर, आपली रात्र, आपले विष आणि आपले मित्र ठाऊक असतात. पाहुण्यांच्या लेझर रायफलीला पाठीवरच्या ऊर्जापेटीतून केबलने वीज पुरवावी लागते आणि त्या ग्रहावर ती पेटी भरून देणारा कोणी नसतो. शेवटची ऊर्जा संपली की पाहुणाही त्याच पायरीवर येतो.

नव्या खेळाडूंसाठी

पहिले पात्र तयार करताना आपल्या गुणांकडे पाहून शस्त्र निवडावे. बळ कमी आणि चपळाई अधिक असेल तर ब्रॉडसोर्डचा मोह टाळावा. हातघाईच्या कौशल्याची निदान एक पायरी मिळवावी. ती कोणत्याही ग्रहावर जप्त होत नाही. बंदरावर उतरण्यापूर्वी पंचाला त्या जगाची कायद्याची आणि तंत्रज्ञानाची पातळी विचारावी. शत्रूच्या अंगावर कोणते चिलखत आहे, ते पाहून मगच हात उचलावा. आणि समोरचा तीस-चाळीस मीटरवर रायफल घेऊन उभा असेल, तर तलवार म्यानातच ठेवून आधी आडोसा शोधावा.